घोडेबाजारातील तिसरा दोष

एका राज्यात घोड्यांचा बाजार भरत असे आणि त्या बाजारात साक्षीच्या ओट्यावर बसण्याचे काम माझ्याकडे होते. पाठशाळेत एकतीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा राज्याने मला हा मान दिला. पुढे त्या बाजारावर जो शाप आला, तो माझ्या साक्षीमुळे आला. हे मी शेवटासाठी राखून ठेवू शकले असते. परंतु ज्याला कथा ऐकायची आहे, त्याला ती सांगणारी कोण आहे, हे आधी कळले पाहिजे.

त्या बाजाराची रीत अशी होती. किंमत कोणाच्याही कानावर पडत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल पसरत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून सौदा ठरवीत. किंमत झाकलेली असे. दोष मात्र उघडे असत. सौदा ठरला की विकणाऱ्याने ओट्यासमोर उभे राहायचे आणि आपल्या घोड्याचे तीन दोष मोठ्याने सांगायचे. निर्दोष घोडा आमच्या बाजारात कोणी पाहिला नव्हता, आणि आपला घोडा निर्दोष आहे असे कोणी म्हटलेच, तर लोक त्याच्यापासून दूर सरकत. तीन दोष ऐकून साक्षीने मान डोलवायची. मग विकणारा आपली मोरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवती बांधलेली दोरी, स्वतःच्या हाताने सोडून घेई आणि घेणारा त्या जागी आपली मोरकी चढवी. मोरकी बदलली की मालक बदलला.

ज्या वर्षाची ही कथा आहे, त्या वर्षी मार्गशीर्षाच्या बाजारात रंभाजी घोडेवाल्याने आपली चांदणी नावाची घोडी विकली. रंभाजी सव्वीस वर्षे त्या बाजारात उभा राहत होता आणि त्याचा शब्द कोणी दुसऱ्यांदा विचारीत नसे. घोडी घेणारा होता मांत्रिक तामसेन. त्याला आपल्या पोथ्या नदीपलीकडे, धुराच्या डोंगरावर न्यायच्या होत्या. रुमालाखाली बोटे जुळली. रंभाजी ओट्यासमोर आला.

"पहिला दोष, ही छत्री पाहून बुजते. दुसरा दोष, डाव्या बाजूने चढू देत नाही."

एवढे बोलून तो मोरकी सोडण्यासाठी वाकला. तिसरा दोष आला नाही. मी वाट पाहायला हवी होती. परंतु पुढचा सौदा ओट्याशी येऊन उभा होता, आणि रंभाजीने तीन दोष सांगितले नाहीत, असे पूर्वी कधी घडले नव्हते. मी कानांवर न विसंबता नावावर विसंबले. मी मान डोलावली.

चांदणीचा तिसरा दोष असा होता की ती वाहत्या पाण्यात बसत असे. नदीच्या मधोमध, पोटापर्यंत पाणी आले, तेव्हा ती पाठीवरच्या पोथ्यांसह शांतपणे खाली बसली. चाळीस वर्षांची विद्या नदीने अर्ध्या घटकेत धुऊन नेली. तामसेनाच्या हाती एकच पान उरले. त्याच्या एका बाजूस शाप होता आणि दुसऱ्या बाजूस उःशाप.

दुसऱ्या दिवशी तो ओल्या वस्त्रांनीच बाजारात आला.

"ही घोडी पाण्यात बसते, हे मला सांगितले गेले नाही."

"सांगितले," रंभाजी म्हणाला. "साक्षीला विचारा."

सारा बाजार माझ्याकडे वळला. माझी साक्ष तोवर कधी फिरली नव्हती, आणि ती फिरू नये याची मला घोडीपेक्षा, पोथ्यांपेक्षा, सत्यापेक्षाही अधिक काळजी होती. मी म्हणाले, "तिसरा दोष तोच होता. आपण नीट ऐकले नसावे."

तामसेनाने एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्याने ते पान उघडले आणि आवाज न चढवता वाचले: या बाजारात आलेल्या घोड्याची मोरकी सुटणार नाही, तुटणार नाही आणि वाढणार नाही. वाचून झाल्यावर तो धूर झाला आणि डोंगराच्या दिशेने निघून गेला.

लोक आधी हसले. मग एकाने आपल्या घोड्याची गाठ सोडून पाहिली. ती सुटली नाही. सुरी लावली, तर सुरीची धार गेली. विस्तव लावला, तर विस्तव विझला. त्या दिवसापासून आमच्या बाजारात एकही घोडा विकला गेला नाही.

मोठ्या घोड्यांना त्याचे दुःख नव्हते. दुःख शिंगरांचे होते. आमच्याकडे शिंगरू सहा महिन्यांचे झाले की त्याला मोरकी घालून बाजारात फिरवतात, म्हणजे ते माणसांना सरावते. ती मोरकी दर महिन्याला सैल करावी लागते, कारण शिंगराचे तोंड वाढत असते. आता तोंड वाढत होते आणि मोरकी वाढत नव्हती. दोरी नाकाच्या हाडावर रुतू लागली. जबडा उघडेना. माघात दोन शिंगरे गेली.

माघातच रंभाजीही छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्यामागे राहिली त्याची मुलगी हौसा, आणि तुरा नावाचे शिंगरू. शिंगराच्या कपाळावर पांढऱ्या केसांचा झुबका होता, म्हणून ते नाव. ते चांदणीचेच पोर होते. हौसाने त्याला हाताने वाढवले होते, आणि आता ते गवत चावू शकत नव्हते. ती त्याला कोंड्याची पातळ पेज ओठांच्या फटीतून पाजत होती.

फाल्गुन सरत असताना हौसा माझ्या ओट्याशी आली.

"बाई, मी तामसेनाकडे निघाले आहे."

"तो तुला काय देणार?"

"ज्याला पानाची एक बाजू वाचता येते, त्याला दुसरीही येत असेल. तुऱ्याला असे मरू देणार नाही." तिने पदर खोचला. "माझे वडील खरे बोलले होते. तुम्ही स्वतः साक्ष दिलीत. त्या बळावर जाते."

मी म्हणाले, "सांभाळून जा." यापेक्षा अधिक मी काही म्हणाले नाही.

पुढील मजकूर मला हौसाने आणि एका साळुंकीने सांगितला. दोघींच्या सांगण्यात जेथे फरक पडला, तेथे मी हौसाचे ग्राह्य धरले आहे.

धुराचा डोंगर त्याच्याकडे पाहणाऱ्यापासून दूर सरकतो. म्हणून हौसा तुऱ्याची दोरी धरून तीन दिवस पाठमोरी चालली. शिंगराला प्रथम चालायला शिकवतात, तेव्हाही त्याच्याकडे तोंड करूनच चालतात; तिला ते नवे नव्हते. चौथ्या दिवशी तिच्या पाठीला दार लागले.

आत तामसेन आठवतील तेवढे मंत्र कोळशाने भिंतीवर लिहीत बसला होता. दोन भिंती अजून कोऱ्या होत्या. तो तुऱ्याच्या नाकाकडे पाहत राहिला.

"मी शिंगरांचा विचार केला नव्हता," तो म्हणाला.

"मोरकी वाढणार नाही, हे आपणच वाचलेत."

"पानावर होते, म्हणून वाचले. रागावलेला मनुष्य पुढची ओळ पाहत नाही."

"मग मागची बाजू वाचा."

त्याने पान उलटले. "तीन गिळलेले दोष, ज्याने गिळले त्याच्याच तोंडून, भर बाजारात, एकाच दिवशी. यात मला एक अक्षरही बदलता येत नाही. तुझे शिंगरू किती दिवस पेज घेईल?"

"नऊ दिवस. त्यापुढे तोंडाची फटही राहणार नाही."

तामसेनाने आढ्यावरची एक साळुंकी हातावर घेतली. "गिळलेला, बाजारात दडवलेला दोष हिला ओळखता येतो. ज्याच्या पोटात तो असेल, त्याच्या खांद्यावर ही बसते."

"पगडी असेल तर पगडीवर," साळुंकी म्हणाली. "खांद्यावर बसले की लोक हात मारतात."

निघताना हौसा दारात वळली. "माझ्या वडिलांनी आपल्याला फसवले नाही. साक्षीने तसे सांगितले आहे."

"साक्षीने सांगितले, हे मी ऐकले," तामसेन म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

परतीच्या वाटेवर तिने डोंगराकडे पाहिले की तो आपणहून मागे सरके, त्यामुळे हौसा एका दिवसात खाली उतरली. राज्यातला सर्वांत मोठा घोडेव्यापारी होता हंबीरशेट. साळुंकी सरळ जाऊन त्याच्या केशरी पगडीवर बसली.

"हे काय आहे?" हंबीरशेटने विचारले.

"तुमच्या पोटात एक दोष आहे, शेटजी," हौसा म्हणाली. "तो बाजारात बोलून दाखवा. माझे शिंगरू मरते आहे."

"माझी शिंगरे मेली नाहीत वाटते? तुझ्या बापाच्या सौद्यानेच हे सारे झाले." तो पगडी न हलवता बसून राहिला, कारण साळुंकीने नखे रोवली होती. "हे बघ पोरी. अंगणात माझा काळा घोडा आहे. चार माणसांना चावला आहे. त्याला मोरकीवर धरून, चारही पाय सारखे टेकवून, त्या खांबाची सावली वीतभर सरकेपर्यंत उभा करून दाखव. मग बघू."

हौसा अंगणात गेली. घोड्याने कान मागे टाकले. तिने दोरी ओढली नाही. दोरी ओढली की घोडा ओढणाऱ्याकडे लक्ष देतो, आणि सैल सोडली की पायांकडे. तिने दोरीला एवढीच ढील दिली की ती ना ताणली जावी, ना लोंबावी, आणि आपले तोंड दुसरीकडे वळवून ती स्वतः उभी राहिली. घोड्याने तिचा दंड धरला. दात रुतले. ती हलली नाही. घोड्याने बराच वेळ दंड धरून ठेवला, मग त्याला कंटाळा आला आणि त्याने तो सोडला. त्याने एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. चारही पाय जमिनीवर सारखे आले. सावली वीतभर सरकली.

"रक्त येते आहे," हंबीरशेट म्हणाला.

"सावली मोजा."

हंबीरशेटने सावली मोजली. "परीटवाडीच्या जासुदाला मी तांबडा घोडा विकला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याला संध्याकाळनंतर दिसत नाही. ते मी सांगितले नाही. बाजारात बोलेन."

"तेव्हा आवाज एवढा बारीक ठेवू नका," साळुंकी म्हणाली, आणि पगडीवरून उडाली.

दुसरा दोष राजवाड्यात होता; साळुंकी उडत तिकडेच निघाली. राजवाड्याला एक दगडी दरवाजा आहे, आणि आत येणारा काय मागायला आला आहे, ते तो आधी विचारतो. हौसाने सांगितले, "राजाचा दोष." दरवाज्याला असे उत्तर पूर्वी कोणी दिले नव्हते, तो गोंधळून उघडला. साळुंकी राजा भूमिपालाच्या मुकुटावर जाऊन बसली. दरबारातील कोणी मान वर करून पाहिले नाही.

"महाराज, आपण शेजारच्या राजाला सर्वांदेखत जो पांढरा घोडा दिलात, त्याच्याविषयी काय सांगितले नाहीत?"

"राजाच्या घोड्यात दोष नसतो," राजा म्हणाला.

"तर मग आपली शिंगरे पाहू द्या."

पागेत राजाची सात शिंगरे उभी होती. त्यांच्या मोरक्या रेशमाच्या होत्या, चांदीच्या कड्यांच्या होत्या, आणि साध्या दोरीइतक्याच रुतल्या होत्या. राजा कित्येक महिने पागेत गेला नव्हता. शिंगरे ठीक आहेत असे त्याला रोज सांगितले जात होते. त्याने एका शिंगराच्या नाकावर हात ठेवला. बोटांना ओल लागली. त्याने बोटे पाहिली आणि ती पुसली नाहीत.

"नगारा वाजला की तो पांढरा घोडा पळत सुटतो," तो म्हणाला. "युद्धात उपयोगी पडू नये, म्हणूनच दिला होता. हे भर बाजारात सांगायचे?"

"भर बाजारात, महाराज. आणि आपल्याच तोंडून. भालदाराच्या नव्हे."

"येईन," राजा म्हणाला.

दोन दोष मिळाले आणि दोनच दिवस उरले. तिसऱ्यासाठी हौसा वस्त्यावस्त्यांतून फिरली. साळुंकी कोणाच्याही खांद्यावर बसेना. ज्यांनी दोष गिळले होते, त्यांतील काहींनी ते मधल्या काळात घेणाऱ्याला जाऊन सांगितले होते. काही जण या जगात नव्हते. बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती पुन्हा माझ्याकडे आली. तुरा तिच्यामागे मान खाली घालून उभा होता. पेज त्याच्या ओठांवरून बाहेर ओघळत होती.

"बाई, इतकी वर्षे तुम्ही प्रत्येक सौदा ऐकला आहे. तिसरा कोणाकडे आहे, ते तुम्हालाच ठाऊक असणार."

मी उत्तर देण्यापूर्वीच साळुंकी उडाली आणि माझ्या डाव्या खांद्यावर बसली. मी हात मारला नाही.

हौसा म्हणाली, "तुम्ही तर कधी घोडा विकला नाही."

"नाही. मी सौद्याला मान डोलावली." माझा आवाज शिकवण्याच्या वेळी लागे तसाच लागला, त्याबद्दल मला आजही खेद आहे. "चांदणीच्या सौद्यात मी दोनच दोष ऐकले. दुसऱ्या दिवशी तामसेनाने विचारले, तेव्हा मी तीन म्हणाले."

तिने तुऱ्याच्या ओठांवरची पेज पुसली. मग म्हणाली, "म्हणजे माझे वडील खोटे बोलले."

"पहिल्या दिवशी तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने खोटे सांगितले आणि मी ते खरे करून दिले. मी नाही म्हणाले असते, तर त्याला तेथेच तिसरा दोष कबूल करावा लागला असता. शाप वाचला गेला नसता."

"आणि मी डोंगरावर जाऊन त्या माणसाला तोंडावर सांगितले, की माझे वडील खरे आहेत. तुमच्या नावाने सांगितले." तिने तुऱ्याच्या मानेवर हात ठेवला. "मी येथून निघाले तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होते."

"होते."

"इतके दिवस मी वणवण केली."

"हो."

"तुम्ही वर्गात मुलांना उभे करत होतात ना, बाई? चूक सांगेपर्यंत?"

"करत होते."

"तर मग उद्या उभ्या राहा. आणि दोघांचीही नावे घ्या. माझ्या वडिलांचे वगळू नका. मला वाईट वाटेल म्हणून वगळाल, आणि मग गाठ सुटणार नाही."

तिला हे मला समजावून सांगावे लागले, हे मला लागले. परंतु ते योग्यच होते. माझ्या मनात रंभाजीचे नाव टाळण्याचा विचार खरोखरच आला होता.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. कित्येक महिन्यांनी लोक घोडे घेऊन आले होते, विकण्यासाठी नव्हे. तामसेनही आला आणि घोड्यांपासून दूर, एका बाजूस उभा राहिला. हंबीरशेट ओट्यासमोर आला आणि त्याने तांबड्या घोड्याचा दोष इतक्या मोठ्याने सांगितला, की मागे बसलेल्या म्हाताऱ्या सुलतानजीने विचारले, "शेटजी, आंधळा घोडा आहे का बहिरा बाजार?" लोक हसले आणि हंबीरशेटला ते बरे वाटले. मग राजा उभा राहिला. त्याने मुकुट भालदाराच्या हाती दिला, आपला दोष सांगितला आणि शेजारच्या राजाकडे दुसरा घोडा जाईल, असेही सांगितले. प्रत्येक दोष बोलला गेला तशा साऱ्या बाजारातील मोरक्यांच्या गाठी किंचित ढिल्या झाल्या. शिंगरांनी नाकपुड्या फुगवल्या.

मी ओट्यावरून खाली उतरले. ओट्यावर बसून हे सांगणे मला उचित वाटले नाही.

"रंभाजी घोडेवाल्याने चांदणी घोडीचे दोन दोष सांगितले. तिसरा सांगितला नाही. ती पाण्यात बसते. मी साक्षीला होते. मी दोनच ऐकले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मला स्पष्ट विचारले गेले, तेव्हा मी भर बाजारात खोटे बोलले, आणि ज्याचे नुकसान झाले होते, त्यालाच, आपण नीट ऐकले नाही, असे म्हणाले."

मग दोऱ्या पडू लागल्या. प्रथम राजाच्या शिंगरांच्या, मग हंबीरशेटच्या, मग साऱ्या. तुऱ्याची गाठ हौसाने स्वतःच्या हाताने सोडली. दोरी जेथे रुतली होती तेथे खोल, ओली खूण होती. त्याने जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. हौसाने त्याच्यासमोर वाळल्या गवताची पेंढी ठेवली. तो ती चावू लागला. इतक्या माणसांत त्या चावण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. हौसा त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पेंढी संपेपर्यंत उठली नाही.

त्याच दुपारी, त्याच माळावर, पुढील गोष्टी ठरल्या.

साक्षीच्या ओट्यावर यापुढे दोन जण बसतील, आणि विकणाऱ्याने सांगितलेला प्रत्येक दोष ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगतील. हे हंबीरशेटने मांडले आणि राजाने मान्य केले. त्यांतील एक जागा हौसाने घ्यावी, असे सुलतानजीने सुचवले, हौसाने नाकारले. "मी घोडे विकणारी आहे," ती म्हणाली. "मी तेथे बसले, तर माझे दोष ऐकणार कोण?" ते सर्वांना पटले.

माझी साक्ष काढून घेण्यात आली. ते मीच मागितले होते आणि त्याला कोणी विरोध केला नाही. कोणी तरी करील असे मला वाटले होते.

शेवटचा ठराव हौसाने मांडला. तामसेनाच्या पोथ्या नदीत गेल्या, त्याला रंभाजी आणि मी कारण होतो. रंभाजीच्या वतीने हौसा त्याला दरवर्षी नदीपार पोहोचवील, पाण्यात न बसणाऱ्या घोड्यावरून. माझ्या वतीने मी धुराच्या डोंगरावर जाऊन राहावे, आणि त्याला आठवेल ते सारे, त्याच्या सांगण्याबरहुकूम, पुन्हा लिहून काढावे. राजाने ते मान्य केले. बाजाराने मान्य केले. तामसेनाने मान्य केले, परंतु एक अट घातली: तो जे सांगेल ते मी जसेच्या तसे लिहावे, आणि त्याच्या वाक्यांत कोणतीही दुरुस्ती करू नये.

मी विचार करण्यासाठी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मीही मान्य केले.